बघितल्याशिवाय मूल न्यायचं नाही

आमच्या मोठ्या जाऊबाईंची जीभ किसणीसारखी. त्यांना क्षमा करायचं बळ मी रोज देवापुढे बसून मागते आणि उठता उठता त्यांचा आवाज कानावर पडला की ते संपतं.

त्या घरीच पाळणाघर चालवतात. खेळणी म्हणाल तर दोन चेंडू आणि एक लंगडा घोडा. बाकी सगळा कारभार परसात. पेरूखाली मुलं उकिडवी बसतात, हात पाठीमागे, आणि मुंगळ्यांची रांग, पानाआडचा कोळी, विटेखालचं गांडूळ बघत राहतात. हात लावायचा नाही, उचललेली वीट होती तशी ठेवायची. त्यावर एक जगावेगळा नियम: न्यायला आलेल्या आईबापानं मुलाशेजारी बसून त्यानं आज पाहिलेलं पाहायचं, मगच मूल ताब्यात. इस्त्रीची पँट, दुखरे गुडघे, कुठलीच सबब चालत नाही.

हे टाळलं ते फक्त बिट्टीच्या वडिलांनी. त्यांचं औषधाचं दुकान. ते फाटकाबाहेरून स्कूटरचा हॉर्न वाजवायचे आणि आमचे भिडस्त थोरले दीर, जाऊबाईंची नजर चुकवून, पोरीला पुढच्या दारानं पोचवायचे. बिट्टीनं दिवसभर पाहिलेलं तिच्या पोटातच राहायचं. शेवटी परवा तिनं एक केसाळ सुरवंट फ्रॉकच्या खिशात घालून घरी नेला. मांडीवर लालभडक गांधी उठल्या.

काल सकाळी सगळे मुलांना सोडायला आले, तेव्हा औषधवाले फवारणीवाल्याला घेऊनच हजर. आज परसात औषध मारायचं, नाहीतर इथं एकही मूल राहणार नाही, असं त्यांनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं. पाठीवर पंप लावलेला तो माणूस कुणाकडे बघावं न कळून उभा राहिला.

जाऊबाईंनी बिट्टीचा फ्रॉक वर करून गांधी पाहिल्या आणि धीर द्यायचा सोडून तिलाच झापलं, हात लावायचा नाही म्हटलं होतं ना. पोर मुसमुसत म्हणाली, "बाबांना दाखवायचा होता."

"ऐकलंत?" जाऊबाई औषधवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही चार पावलं आत आला असता, तर त्याला खिशात बसून जावं लागलं नसतं."

औषधवाले भडकले. बाईंना पोरांपेक्षा किड्यांचा पुळका जास्त, म्हणाले. दिरांनी मध्ये पडून निम्म्या परसात मारू या असं सुचवलं, तर जाऊबाईंनी त्यांनाही फटकारलं: फवारा उडाला की पाळणाघराला मीच कुलूप लावते, हॉर्नवाल्यांची पोरं मग तुम्ही सांभाळा.

कुलूप म्हटल्यावर बाकीच्यांचे चेहरे उतरले. सगळ्यांनाच कामावर जायचं होतं. त्यातली शिलाईकाम करणारी एक आई तर औषधवाल्यांवर उसळलीच. "तुमची तुम्ही न्या हो. आमच्या पोरांच्या नावानं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

फवारणीवाला हळूच सटकला. औषधवाल्यांनी बिट्टीचं मनगट धरून तिला फाटकाकडे ओढलं. ती मागे वळून बघत होती. त्या क्षणी जाऊबाई एक शब्द जरी मऊ बोलल्या असत्या, तरी तो माणूस थांबला असता. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, पाय अडखळले होते त्याचे. पण जाऊबाईंनी विचारलं काय, तर सुरवंटाचं काय केलंत.

"चिरडला," औषधवाले म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

परस वाचलं. आज बिट्टी आली नाही, येणारही नाही म्हणे. दुपारी मुलं विटेभोवती बसली होती. मी चहा नेऊन दिला, तेव्हा जाऊबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ती एकटीच गप्प बसून बघायची."

मग जा ना ताई, म्हटलं मी, बापाची समजूत घाला, घेऊन या तिला, देवालाही बरं वाटेल.

"तुझ्या देवाला म्हणावं, तूच जा," त्या म्हणाल्या, आणि चहा कोमट आणलास म्हणून पोरांदेखत माझ्यावरच खेकसल्या.