पाणी येतंय कुठून?

अंबरनाथ पश्चिमेत पाण्याचा एक थेंब वाट चुकला आणि त्याचं मूळ-कूळ आमच्या वरच्या काकांना ठाऊक नाही, असं कधी झालेलंच नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसाने दुसरं कामच केलं नाही. कुणाच्याही भिंतीला ओल आली की बोलावणं नसताना स्टूल घेऊन हजर! ओलीवरून हात फिरवणार, वास घेणार, आणि एकदा तर, खोटं कशाला बोलू, बोट लावून चक्क चाखलं. "साबण आहे. तिसऱ्या मजल्याची मोरी." तिसरा मजला भांडायला उठला, फरशी उखडली, तर काका खरे. गवंड्याने नुसती थापी उचलली की यांचा पारा चढायचा. "लिंपतोस काय रे? आधी येतंय कुठून ते बघ!" या हट्टापायी आमचा जिना दोन महिने उखडलेला होता आणि अख्खी बिल्डिंग त्यांच्या नावाने बोटं मोडायची. मी जरा जास्तच.

गेल्या वर्षी मलाच धाप लागायला लागली. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाभोवती पाणी निघालं. डॉक्टरांनी सुईने ते काढून तपासायला पाठवलं. मला मोकळं वाटलं, आणि रिपोर्ट आणायला मी गेलेच नाही. कॅन्सर निघाला तर? घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं.

काका स्टूल घेऊनच आले. "एका बाजूला की दोन्ही?"

"उजवीकडेच."

"दोन्हीकडे असतं तर बहुतेक वरची टाकी, म्हणजे हृदय नाहीतर किडनी. एकीकडे म्हणजे बहुधा त्याच खोलीतलं काहीतरी. रिपोर्ट कुठाय?"

"बरं वाटतंय की आता, काका."

ते स्टुलावर बसले. "तुझ्या काकूलाही बरं वाटलं होतं गं. दोनदा पाणी काढलं, दोनदा घरी आणली. कुठून येतंय, ते मी विचारलंच नाही. विचारलं तेव्हा उशीर झाला होता."

मी चपला घातल्या.

रिपोर्ट आणला, त्यातून नक्की कळेना, मग फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि निघाला टीबी. गोळ्यांनी बरा होणारा! काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. "कसले हो?" समोरच्या वहिनींनी विचारलं. "हिला टीबी निघाला!" वहिनींचा पेढा तोंडातच राहिला. पुढे सहा महिने रोज सकाळी आठला काका वरून काठी आपटायचे; मी गोळी घेऊन झाडूच्या दांड्याने छताला उत्तर द्यायची.

आता ते मुलाकडे सोनिवलीला असतात, नव्या टॉवरमध्ये; जाताना स्टूल माझ्याकडे ठेवून गेले. तिथे काही गळत नाही, त्यामुळे करमत नाही म्हणे. परवा माझ्या भिंतीला ओल आली. गवंड्याला थांबवलं आणि फोन लावला.

"भिंत राहू दे," काका म्हणाले. "आधी माझ्या दारापर्यंत चढून जा. फोन कानालाच ठेव, मला ऐकू दे."

चढले. त्यांच्या दाराला कुलूप होतं, कडीवर धूळ.

"धाप?"

"नाही हो, काका."

"मग रडतेस कशाला? येतो मी. स्टूल काढून ठेव."