मनगट धरून बघितलेला श्वास

शेजारच्या खाटेवरच्या आजींना आज घरी सोडणार होते. नर्सिंग शिकणारी मुलगी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, आता तुमचा श्वास मोजते." आजी लगेच ताठ बसल्या आणि संथ, मोठे श्वास घेऊ लागल्या. "बघ, काही झालंय का मला? लिही, बरी आहे म्हणून."

मागे उभ्या असलेल्या सिस्टर हसून तिला हळूच म्हणाल्या, "सांगून मोजलं की असंच होतं गं. नाडी बघ, आणि ती मोजून झाली तरी हात सोडू नकोस, श्वास तेव्हाच मोज."

मुलीने मनगट धरलं. आजी नातवाचं कौतुक सांगत राहिल्या. मुलीची नजर त्यांच्या पदराकडे होती. तो भरभर वरखाली होत होता. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं आणि घरी जाणं लांबलं.

"नाडी बघते म्हणून फसवलंस," आजी रुसल्या.

मला ते फसवणं वाटलं नाही. कुणी विचारलं की मीसुद्धा "बरी आहे" म्हणते, कारण सांगायची लाज वाटते. विचारून झाल्यावरही हात न सोडणारं माणूस भेटलं, तर लाजेचं काम उरत नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. तिने काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "बाळ, माझ्या पोटात अजून दुखतंय."