'किरकोळ' नावाचं फोल्डर

मी एकदा ऑफिसात चोरी केली, चोरीचा माल भर चौकात मांडून ठेवला, आणि त्याला कुलूप लावलंय अशा समजुतीत तीन महिने ऐटीत फिरले. वय काही कोवळं नव्हतं. त्रेपन्न. सुनेला दिवस गेलेले, म्हणजे मी आजी व्हायच्या बेतात. अक्कल मात्र अजून पाळण्यातच होती.

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात मी आवक-जावक पाहायचे. येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर. मी शिक्का मारायचे, रजिस्टरात नोंद करायचे, मग ते पुढं जायचं. त्यामुळं कोणाला काही हवं असलं की पहिली हाक मलाच. "बाई, बैठकीचं पत्र आलं काय?" मला सारं तोंडपाठ असायचं. तरी मी चष्मा पुसायचे, रजिस्टर उघडायचे, दोन पानं उगाच उलटायचे आणि मग सांगायचे. त्या दोन पानांत माझं सारं राज्य होतं.

मग पत्रं ईमेलनं यायला लागली. साऱ्या ऑफिसचा एकच ईमेल, पासवर्डाची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या कीबोर्डाखाली. त्याच सुमारास शेलूबाजारहून रोज जीपनं येणारी एक पोरगी नव्यानं कामाला लागली. तिनं आठ दिवसांत त्या ईमेलमध्ये फोल्डर पाडली. बैठका वेगळ्या, पीक पाहणी वेगळी, पावसाचे तक्ते वेगळे.

"आता कोनाले कोनाची वाट पाहाची गरज नाई," ती म्हणाली. "ज्यानं त्यानं आपलं पत्र उघडून पाहाव."

साऱ्यांनी माना डोलावल्या. साहेब माझ्या टेबलावरून सरळ तिच्याकडं जाऊ लागले. कीबोर्डावर तिची बोटं लाह्यांसारखी फुटायची. मी एका बोटानं 'क' शोधत बसायचे. दुपारच्या डब्यात अंबाडीची भाजी मी आणायची आणि कौतुक तिच्या ठेच्याचं. वर साहेबांना 'सर', लेखापाल बाईंना 'मॅडम', आणि मला 'काकू'! काकू म्हटलं की मला वाटे, हिनं मला खुर्चीवरून उठवून ओट्यापाशी नेऊन उभं केलं.

फोल्डर कसं पाडायचं, मेल उचलून त्यात कसा टाकायचा, हे तिनंच मला शिकवलं. मी लगेच गुण दाखवला. एक फोल्डर पाडलं, आणि कोणाला उघडावंसं वाटू नये म्हणून नाव दिलं 'किरकोळ'. मग रोज साऱ्यांच्या आधी यायचे आणि ज्या पत्रावरून धावपळ होणार, ते नेमकं उचलून त्यात टाकायचे. तीस वर्षं पत्रं हाताळलेली. कोणतं पत्र पेटणार, हे मला विषयाच्या ओळीवरूनच कळायचं. माझी पक्की समजूत अशी, की फोल्डर माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पाडलं, म्हणजे ते माझ्याच कपाटात राहणार. दुसऱ्याच्या पडद्यावर दिसेलच कसं? घरी जाताना मी कॉम्प्युटरवर कापड घालून वरून दोनदा थोपटायचे.

आता साऱ्यांनी शोधत शोधत माझ्याकडं यावं, एवढंच हवं होतं. कोणी येईना. मी म्हटलं, येतील. अडल्यावर येतील.

अशात नातवाचं बारसं निघालं, सुनेच्या माहेरी, धनजला. दोन दिवसांची रजा टाकली. बारशाच्याच दिवशी दुपारपर्यंत जिल्ह्याला पीक पाहणीचा तक्ता पाठवायचा होता, आणि त्याचं पत्र माझ्या 'किरकोळ'मध्ये. मी मुद्दाम कोणाला सांगितलं नाही. तिकडं बाया पाळणा म्हणताहेत आणि मी कमरेचा मोबाईल चाचपतेय. एकदा तर रेंज पाहायला गच्चीवर चढले.

"काहून वं विहीनबाई, कोनाचा फोन येऊन राह्यला?" विहिणीनं विचारलं.

"ऑफिसचा. माझ्याबिगर तिथं पान हालत नाई."

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नातवाचं नाव काय ठेवलं, हेसुद्धा मी परतीच्या वाटेवर लेकाला विचारलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले ती सरळ तिच्या टेबलाशी. "तो तक्ता?"

"गेला ना, काकू. अकराच्या आत."

"पत्र कुठं घावलं तुले?"

"किरकोळमधी," ती म्हणाली. तिखटाचा डबा कुठंय विचारल्यावर सांगावं, इतकं सहज. पडदा माझ्याकडं वळवला. माझं फोल्डर तिथं ठळक अक्षरांत बसलेलं. साहेबांच्या पडद्यावर, लेखापाल बाईंच्या पडद्यावर, सगळीकडं तेच.

मी खुर्ची ओढून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा रजिस्टर न उघडता खरं बोलले, "पोरी, ते मी लपवून ठेवलं होतं. तुझ्यावर जळत होते म्हनून."

तिनं पडदा परत आपल्याकडं वळवला.

"मले वाटलंच होतं, काकू. पन रोजचे ढीगभर मेल, त्यातलं कामाचं कोनतं हे मले अजून समजत नाई. म्हनून मी सकाळी आल्याबरोबर पयले किरकोळच उघडतो. तुमी जळनं बंद नका करू बरं, नाई तं माझं काम अडते."