सगळ्यात कमी धूर करणारी बाई

मी चाकणच्या एका कंपनीत झाडू-पोछा करते. कुरुळीतल्या खोलीवरून तासभर चालत जावं लागतं. कंपनीची बस माझ्याच रस्त्याने जाते, पण ती पर्मनंट कामगारांसाठी. आम्ही ठेकेदाराने कामाला लावलेल्या बायका. यंदा गुडघा सुजायला लागला. बसमध्ये बसू द्या, एवढंच सुपरवायझरला सांगायचं होतं. तीन महिने वाक्य जुळवत होते. समोर गेलं की फिनेल संपलंय, एवढंच तोंडून यायचं.

मग परदेशी पाहुणे येणार म्हणून कॅन्टीनच्या भिंतीवर एक तक्ता लागला. कोणत्या देशाने किती धूर कमी केला, त्याचा. चौथी शिकलेय, पुसता पुसता वाचला. पाहुण्यांचा देश अगदी वर, आपला बराच खाली. आमच्याकडची ओतकामाची भट्टी त्यांच्याच देशातून आलेली. भट्टी इकडे आली, धूर इकडे आला, नंबर तेवढा तिकडे राहिला. आमच्या चाळीत एक बाई असाच आपला कचरा माझ्या दारात लोटते आणि स्वच्छ अंगण मिरवते.

पाहुणे पाच गाड्यांतून आले. माणसं सहा. साहेबांनी त्यांना सांगितलं की आमच्याकडे माणशी धूर फारच कमी, आणि पुरावा म्हणून मला पुढे बोलावलं. घरी एसी नाही, फ्रिज नाही, गाडी नाही. लग्नाची मुलगी दाखवावी तसे साहेब माझं एकेक 'नाही' सांगत होते. एका पाहुणीने काहीतरी विचारलं. सोबतच्या मुलीने ते मराठीत सांगितलं, "मावशी, तुम्ही चालत का येता?"

मी मान खाली घालूनच म्हटलं, "बसमध्ये घेत नाहीत. घेतलं तर उद्यापासून बसने येईन. गुडघा दुखतो."

मुलीने साहेबांकडे पाहिलं आणि पाहुण्यांना त्यांच्या भाषेत थोडक्यात काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा फोटो काढला.

आठवड्याने तो तक्त्याशेजारी लागला. आता ओळख झाली, विचारावं म्हणून सुपरवायझरकडे गेले आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. माणूस भला आहे. त्याला वाईट वाटलं.

"मावशी, आधी बोलला असतात तर बघितलं असतं. आता चालत येता म्हणूनच भिंतीवर आहात. पुढच्या वर्षी ते परत मोजायला येणार."

मी बरं म्हटलं. सकाळी बस शेजारून जाते, तेव्हा धूर येतो म्हणून तोंडावर पदर धरते. मागच्या सीटा रिकाम्या असतात. देशाचं काम आहे; गुडघ्याला तेल चोळते आणि निघते.