कोपरा चावलेलं पुस्तक

नात आता पहिलीत आहे. मुलगा आणि सून गोत्रीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेव्हापासून ती रविवारीच येते. आली की आधी कपाटाच्या खालच्या कप्प्यापाशी जाऊन बसते. तिथं तिची लहानपणची पाच पुस्तकं आहेत, जाड पुठ्ठ्याची, तळहातापेक्षा थोडी मोठी. बदकाच्या पुस्तकाला एक कोपरा नाही. तो तिनं खाल्ला. दर वेळी विचारते, "आजी, मी खरंच खाल्ला?" मी म्हणते, "वरणभात सोडून खाल्लास."

ते पुस्तक घरात कसं आलं ते लिहून ठेवते. पुढं विसरायला होईल.

तेव्हा आम्ही सगळे बडोद्याच्या सुभानपुऱ्यात एकत्र राहत होतो. मुलगा कोयलीला रिफायनरीत, सून ऑफिसात, हे नुकतेच निवृत्त झालेले. नात दिवसभर माझ्याकडे. नऊ महिन्यांची लस द्यायला मी तिला सोसायटीमागच्या अंगणवाडीत घेऊन गेले. लस झाली, ती रडून थकली, आणि बाहेर येताना पाहिलं तर ओसरीवर चटई टाकून दोन-तीन बेन बसल्या होत्या. पुढ्यात टोपलीभर पुस्तकं. त्यातल्या एक पांढऱ्या केसांच्या होत्या, पूर्वी शाळेत शिकवत असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. लहान बाळांना पुस्तकं फुकट देत होत्या. मला वाटलं, एवढ्याशा जिवाला पुस्तक कशाला? दात तरी येऊ देत.

"पैसे काही नाहीत, बा," त्या गुजरातीत म्हणाल्या. "पण रोज कुणीतरी वाचून दाखवायचं. घरमां कोण वांचशे?"

सून वाचेल, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "हुं." मी वाचीन.

माझी शाळा चौथीपर्यंत. धाकटा भाऊ झाला, आई शेतावर जायची, मग त्याला कडेवर घेऊन घरी कोण राहणार? त्यानंतर मी वाचलं ते कॅलेंडर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचा कागद. तेही ओठ हलवत, मनातल्या मनात. माझा वाचतानाचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. त्यात हे पुस्तक गुजराती. लग्न करून बडोद्यात आले तेव्हा बसच्या आणि दुकानांच्या पाट्या बघून बघून ती अक्षरं शिकले होते. डोक्यावर रेघ नसल्यामुळं मला ती अजूनही उघडी वाटतात.

चार दिवसांवर दसरा होता. आमच्याकडे पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात आणि घरातली पुस्तकं, वह्या तिच्यासमोर ठेवतात. त्या दिवशी ती वाचायची नसतात. मी नातीचं पुस्तक सगळ्यांत पुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी उचललं, कोऱ्या खणात गुंडाळलं आणि देवघरावरच्या फळीवर ठेवून दिलं. पुस्तकाला पाय लागू नये, लाळ लागू नये, म्हणून. खरं सांगायचं तर पूजेचं निमित्त होतं. फळीवर ठेवलं की वाचायला लागत नाही.

दोन महिन्यांनी नातीचं वजन करायला गेले. त्या पांढऱ्या केसांच्या बेन तिथंच होत्या. आधीचं पुस्तक दाखवलं की त्या दुसरं देत. माझ्या पुढं आमच्या शेजारीण होत्या. त्यांच्या नातवाच्या पुस्तकाचं एक पान अर्धं गेलेलं, त्यावर डाळीचा डाग. मला वाटलं, आता यांना बोलणी बसणार. बेननी डागावर बोट ठेवून पाहिलं आणि खूश होऊन दुसरं पुस्तक दिलं.

मग मी माझं काढलं. खण सोडला. पुठ्ठ्यावर हळदीचं बोट, बाकी जसं दिलं तसं.

"बा, आ तो कोईए उघाडी ज नथी," त्या म्हणाल्या. कुणी उघडलंच नाही हे. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शेजारीण हसल्या. "बेन, ह्या मराठी लोकांत असंच. चोपडीची आरती करतात, वाचत नाहीत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात नातीनं टोपलीतलं हत्तीचं पुस्तक ओढून छातीशी धरलं. बेननी तिच्या मुठी हळूच सोडवून ते परत घेतलं. "पुढच्या महिन्यात बदकाचंच घेऊन या," मला म्हणाल्या. "मला ते मळलेलं पाहिजे." नात घरापर्यंत रडत आली. माझ्यामुळं रडली.

त्याच दुपारी हे झोपल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, तिला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. एक बदक तळ्यावर जायला निघतं, एवढीच गोष्ट. एकेक अक्षर जुळवायचं, मग ते मराठीत सांगायचं. एका ओळीला एवढा वेळ लागायचा की मोठं माणूस उठून गेलं असतं. ती गेली नाही. मी अडले की पानावर हात आपटायची, आणि मला अक्षर सापडेपर्यंत कोपरा चघळायची. वाटेत बदकाला गाय भेटते, तिथं मी रोज अडायचे. कोपरा तिथंच गेला.

एका दुपारी दारामागून ह्यांचा आवाज आला. "काय गं, पाचवीत नाव घातलंस की काय?"

मी पुस्तक मिटलं. नातीनं ते उघडलं आणि माझी हनुवटी धरून खाली ओढली.

हे आत येऊन पाटावर बसले. "थांबू नकोस. बदक पोचलं का तळ्यावर?"

"अजून नाही," मी म्हटलं. ह्यांच्यासमोर शेवटपर्यंत वाचलं. घाम आला, पण वाचलं.

पुढच्या महिन्यात बेननी पुस्तक हातात घेतलं. कोपरा नाही, पानं फुगलेली, हळदीच्या बोटावर लाळ सुकलेली. त्यांनी ते नातीकडं दिलं. समोर सगळ्या बाया बसलेल्या. नात गुडघ्यांवर रांगत थेट माझ्याकडं आली, पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं आणि गाईच्या पानावर हात आपटला. नाही म्हणायला जागाच नव्हती. मी हळू आवाजात वाचलं. गाईपाशी अडले. कुणी हसलं नाही. शेजारणीचा नातू रांगत जवळ आला आणि माझ्या पदराचं टोक तोंडात घालून ऐकत बसला. शेजारीण म्हणाल्या, "ह्याला घेऊन उद्या तुमच्याकडं येते. माझ्याकडून ऐकतच नाही."

हत्ती घेऊन आम्ही घरी आलो. त्यानंतर मांजर, मग आगगाडी, मग भाज्यांचं.

यंदाच्या दसऱ्याला सगळे इकडं आले होते. नातीनं आपली इंग्रजी वाचनाची वही सरस्वतीपुढं ठेवली आणि पळत जाऊन बदकाचं पुस्तक आणून वहीवर ठेवलं. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आजी, वाच ना." आता ती माझ्यापेक्षा भरभर वाचते, तरी हे पुस्तक तिला माझ्याकडूनच ऐकायचं असतं.

"आज वाचायचं नसतं," मी म्हटलं.

"मग उद्या?"

उद्या तिची शाळा होती. संध्याकाळी ते गोत्रीला गेले.

सकाळी मी फुलं काढली, पुस्तक उचललं. त्याला खणात गुंडाळायचं नाही, हे आता ठरलेलं आहे. खालच्या कप्प्यात ठेवायच्या आधी तिथंच जमिनीवर बसून एकदा वाचलं. मोठ्यानं. मांडी रिकामी होती, म्हणून की काय, गाईपाशी परत अडले.

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "पोचलं का बदक?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि पान उलटलं.