ओटीतला खण

आमच्या भोरात त्या काळी खण शिवण्यासाठी नसायचा, देण्यासाठी असायचा. सवाष्ण दारी आली की तिची ओटी भरायची, ओटीत खण घालायचा, आणि तिनं तो घरी नेऊन पुढच्या सवाष्णीसाठी ट्रंकेत ठेवायचा. चोळी शिवून तो वाया घालवण्याइतकी उधळी बाई गावात नव्हती. लढाईमुळे कापडावर कंट्रोल आला तेव्हा तर काय विचारता! नवं कापड मिळेना, पण खणांचा प्रवास मात्र जोरात. हा भाटघरला जाऊन आला, तो भोंगवलीचं लग्न गाठून परतला. आमच्यापेक्षा त्यांचंच जग अधिक पाहून झालं होतं.

माझ्याकडे आईचा एक खण होता. गुंजेच्या रंगाचा, कोपऱ्याला ट्रंकेचा गंज लागलेला. तिच्या पहिल्या खेपेला तिच्या आईनं ओटीत घातलेला. ती खेप म्हणजे मीच. आई गेली तेव्हा तिचं म्हणून माझ्याकडे एवढंच आलं. तो मी फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. तिचा वास येतो का म्हणून मधूनमधून हुंगायची. यायचा तो डांबरगोळ्यांचा.

एकदा मी नदीवर धुणं घेऊन गेले आणि घरी पाहुणी आली. आमच्या सासूबाईंचा हात फार सढळ, विशेषतः दुसऱ्याच्या ट्रंकेत. मी परतले तेव्हा पाहुणी खण घेऊन गेलीसुद्धा होती.

"अहो, तो आईचा होता," मी म्हटलं.

"मग चांगलंच झालं की! तिच्या नावानं ओटी भरली गेली."

कप्पाळ माझं! ओटीत घातलेलं परत मागायचं म्हणजे त्या बाईच्या कुंकवावरच उठायचं.

मग मी हळदीकुंकवांना जायला लागले. चैत्रातलं एकही सोडलं नाही. बायकांना वाटलं, काय भाविक सून आहे! माझी नजर मात्र सगळ्यांच्या ओट्यांवर. घरी ट्रंकेत परक्या खणांची जत्रा भरली, माझा तेवढा येईना.

शेवटी सापडला. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानदाराचं घर होतं, तिथं नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू होतं. पोर विंझरची. अत्तर लावायला ती माझ्यापुढे वाकली आणि तिच्या दंडावर मला तो गंजाचा डाग दिसला. शिवला होता! साऱ्या भोरात एकीलाच ही अक्कल सुचली, आणि तिला नेमका माझाच खण मिळाला.

"ही चोळी कुठून आणलीस गं?" माझा आवाज चढलाच.

ती घाबरली. "लग्नात वटीत आला व्हता खण, वैनी. मला आई न्हाई. आदी कुणी कदी दिलाच न्हवता, म्हून लगीच शिवला. हितं शिवत न्हाईत व्हय? चुकलं का माजं?"

उकाड्यात राबून तिची चोळी काखेत घामानं गडद झाली होती. माझ्या आईनं तो खण जन्मभर जपला आणि स्वतः ठिगळाच्या चोळीत गेली. तिच्या आईनं तो तिला घालायला दिला होता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "चुकलं नाही गं, छान दिसतेस," मी म्हणाले, आणि भर हळदीकुंकवात, हातात पन्ह्याचं भांडं धरून, आई गेली तेव्हाही रडले नव्हते इतकी रडले.