बाळू सुतारच्या घरातली माझी खोली

बाळू सुतार गेल्याचं मला गडहिंग्लज स्टँडवर कळलं. कोल्हापूरची गाडी भरून उभी होती, तिकिटांचं मशीन माझ्या हातात होतं. माझा मित्र फौंड्रीसाठी लाकडी साचे करतो आणि त्याच्या साच्यावर बसलेली माशी घसरून पडते, असं मी प्रवाशांना सांगत होतो. तेवढ्यात कंट्रोलरनं केबिनमध्ये बोलावून घरचा निरोप दिला... कोल्हापूर येईपर्यंत मी तिकिटं फाडली, सुटे पैसे दिले, पण गोष्ट एकही सांगितली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालंय? गाडी रिकामी असल्यागत वाटालंय."

त्याला आज पाच आठवडे झाले.

बाळूच्या हाताला सुताचाही फरक खपायचा नाही. कागद मात्र तो कधी वाचायचा नाही. आमच्या गल्लीत कुणीही कर्ज काढलं की जामीनदार म्हणून एक सही बाळूची, हे ठरलेलंच. सही नाकारणं म्हणजे लग्नाला बोलावल्यावर न जाण्यासारखं, आणि वाचून सही करणं त्याहून वाईट. नव्वदचं दशक सरताना मी स्कूटर घेतली, तेव्हा माझ्या कागदावरही त्यानं वहिनीच्या पोळपाटावर ठेवून सही ठोकली.

शेवटचे तीन हप्ते राहिले असताना फायनान्सवाल्यांनी मला एका दिवसाच्या उशिराचा दंड लावला. मी ड्युटीवर होतो, दंड कसला? भांडलो, आणि पुढचं भरणंच बंद केलं. वसुलीचा एक सडपातळ माणूस दोनदा आला, पाणी पिऊन गेला. माझ्या गोष्टीत मात्र त्याचे तीन झाले, पुढच्या गणपतीपर्यंत चार पैलवान आणि एक जीप झाली, आणि त्या जीपला मी स्कूटरच्या मागच्या एकाच चाकावर आजऱ्यापर्यंत पळवून आलो. सगळ्यात जास्त बाळू हसायचा. लग्नाच्या पंगतीत मुद्दाम सांगायला लावायचा.

मग बाळूनं कसबा बावड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवला. पंधरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढलेली, मालक आता ती रिकामी करून मागत होता, आणि दहावीची पोरगी स्वयंपाकाच्या ओट्याखाली अभ्यास करत होती. बँकेत तो मला बरोबर घेऊन गेला, मला बोलता येतं म्हणून. साहेबांनी कॉम्प्युटरमधून निघालेला एक कागद आमच्यापुढं सरकवला. म्हणाले, पूर्वी माणसाची पत मॅनेजर गल्लीत विचारायचा, आता तिला मार्क पडतात, आणि तुमचे मार्क कमी आहेत. ज्यानं उभ्या जन्मात कुणाचा रुपया ठेवला नाही, त्याचे मार्क कमी! साहेबांचं बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं. स्कूटर. कर्जदार मी, जामीनदार बाळू, बाकी थकीत.

चार पैलवानांना पुरून उरलेला मी, त्या कागदाची घडी घालून बाळूच्या खिशात सरकवत उठलो.

बाहेर येऊन बाळूनं दोन चहा सांगितले. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, "गोष्ट झ्याक हाय तुझी, कंडक्टर. फकस्त शेवट बदल."

फायनान्सवाले म्हणाले, निम्मे द्या, मिटवून टाकू. मी खूश. पण बाळूनं मला कांबळे मॅडमकडं नेलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी विहाराच्या हॉलमध्ये बसून अडलेल्यांचे कागद फुकट बघायच्या. म्हणाल्या, "निम्म्यावर मिटवलंत तर तडजोड केली अशी नोंद राहील, आणि ती ह्यांनाही आडवी येईल. पुरते भरा, बाकी नसल्याचं पत्र घ्या, आणि नोंद सुधारली का ते स्वतः बघा." मग त्या बाळूकडं वळल्या. "सही करताना वाचता का, सुतारमामा?"

"दोस्ताचा कागद काय वाचायचा, मॅडम?"

"लाकूड दोस्ताच्या वखारीतलं असलं तर माप घेत नाही काय?"

 त्या दिवसापासून बाळू माझ्या पोराची लग्नपत्रिकासुद्धा खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचा.

स्कूटर विकून मी सगळं भरलं. मार्क काही एका रात्रीत वाढले नाहीत. तोवर तो फ्लॅट दुसऱ्याला गेला. दोन वर्षांनी कर्ज मिळालं, पण भाव चढले होते आणि एक खोली कमी आली. वास्तुशांतीला बाळूनं मला गॅलरीत नेलं. तिथं त्यानं स्वतः केलेला बाक होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "ही तुझी खोली, बस." लोक हसले. खरा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक, अशी माझी समजूत होती. वहिनीलासुद्धा त्यानं कारण सांगितलं नसणार, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी बावड्याला गेलो आणि वहिनीला ती गोष्ट सांगितली. एक सडपातळ माणूस, दोन तांबे पाणी, बुडवलेले तीन हप्ते, गेलेली एक खोली. शेवट बदलून.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं हाय की, भावजी. बँकेचा कागद मीच ट्रंकेत ठेवलाय. हे म्हणायचे, तो सांगंल तवा सांगंल." मग सूप बाजूला ठेवून उठल्या. "जावा, तुमच्या खोलीत बसा. च्या आणते."

बसलो. वहिनींनी दिलेला कप बाळूच्या बाकावर ठेवला... काठोकाठ भरलेला चहा, पण कुठल्याच बाजूला झुकला नाही. हे मात्र वाढवून सांगत नाही.